ट्रॉली जोडून दक्षिणेला निघताय? आधी पिन बघा

दसरा झाला, मुकादमांचे फोन चालू झालेत आणि माझ्याकडं पण मेसेजवर मेसेज यायलेत. आपल्या बीड, धारूर, वडवणी भागातनं सांगली, कोल्हापूर, पार बेळगावकडच्या साखर कारखान्यांना ऊसतोडीसाठी डबल ट्रॉली जोडून निघायचे हे दिवस. मी स्वतः 20 हंगाम ट्रॅक्टर नेलाय, आता ट्रॉल्या दुरुस्तीचं काम करतो. जमतील तेवढ्या प्रश्नांची उत्तरं देतो.

पहिल्यांदाच दोन ट्रॉल्या घेऊन कोल्हापूरकडं चाललोय. जाताना ऊस नसतो, गाडी हलकीच, मग घाटात काय अडचण येणार? (धारूरहून एक भाऊ)

भाऊ, हलकी कुठली? 10 कोयत्यांचा (कोयता म्हणजे तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं) संसार, पेट्या, बाजरीची पोती, कोप्यांचे (राहायच्या झोपड्यांचे) बांबू, शेळ्या, आणि वरनं माणसं. आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो, एवढं सगळं वजन ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनीच थांबवायचं असतं हे डोक्यात पक्कं ठेवा. स्पीड डबल केला की थांबायला चौपट अंतर लागतं.

शेतात वळायला सोपं जावं म्हणून ब्रेकचे दोन पायडल आपण सुटे ठेवतो, रोडवर चढायच्या आधी ते जोडायची पट्टी लावाच, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून गाडी झटक्यात आडवी होती. तुळजापूरच्या पुढं सोलापूरकडं उतार लागतो, तिथं डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे लई बघितलेत मी. तसं केलं की मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलायला लागतात आन मग स्टेअरिंग हातात राहत नाही. बारका गिअर उतार सुरू व्हायच्या आधीच टाकायचा, मधी क्लच दाबायचा नाही.

आता पिन, म्हणजे ट्रॉली जोडायचा लोखंडी खिळा. मांजरसुंब्याच्या चढाला एकदा माझी मागची ट्रॉली सुटली होती. पिनच्या खालची क्लिप हरवली म्हणून मी तिथं बाइंडिंगची तार पिळून टाकली होती, 30-40 किलोमीटर हादरे खाऊन तार तुटली, पिन वर सरकत गेली, ट्रॉली मागं पळाली आणि चारीत जाऊन टेकली. त्या ट्रॉलीत फक्त सामान होतं. दोन पोती फुटून बाजरी सगळी रोडवर सांडली. त्या जागेवर पाच मिनिटं आधी दोन लेकरं बसलेली होती, त्यांना लघवी लागली म्हणून पुढच्या ट्रॉलीत घेतलेलं. ते आठवलं की अजून हातपाय गार पडतात माझे. पिन जाड आणि सरळ पाहिजे, क्लिप खरी पाहिजे, आणि प्रत्येक ट्रॉलीला वेगळी साखळी पाहिजे, म्हणजे पिन गेली तरी ट्रॉली जागा सोडत नाही.

निघाल्यावर पहिल्या 30-40 किलोमीटरला थांबून चाकांचे नट परत आवळा आणि हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) उलटा हात धरा. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असंल तर बेरिंग गेलंय किंवा ग्रीस संपलंय, तसंच पुढं रेटू नका.

घरवाली सातव्या महिन्यात आहे, ट्रॉलीत गादी टाकून नेलं तर चालंल का? (केज)

नका नेऊ दादा, हात जोडून सांगतो. ट्रॅक्टरवर कायद्यानं बसायची जागा एकाची, ड्रायव्हरची. ट्रॉली मालासाठी असते, काही झालं तर ट्रॉलीतल्या माणसाला सहसा विम्याचा आधार मिळत नाही. आपल्या एसटीत 2023 पासून बायांना निम्मं तिकीट आहे, पाच वर्षांखालच्या लेकरांना तिकीटच नाही. बाया, लेकरं, म्हातारी माणसं एसटीनं पाठवा, सोलापुरात गाडी बदलून सांगली-कोल्हापूर गाठता येतं. टोळीतल्या सगळ्यांनीच असं करावं, मुकादमाशी उचलीचं (आगाऊ पैशाचं) बोलतानाच तिकिटाचं पण बोलून घ्या. आणि ताईंचं दवाखान्याचं कार्ड सोबत असू द्या, तिकडच्या आशाताईला पोचल्या पोचल्या भेटा.

रात्रभर चालवून एका दमात पोचलं तर मुक्कामाचा खर्च वाचतो ना? (पाटोदा)

400 किलोमीटरच्या आसपासचा पल्ला, 25-30 च्या स्पीडनं चहापाणी धरून 16-17 तास कुठंच जात नाहीत. एवढा वेळ एका माणसाचे डोळे टिकत नाहीत. दोन दिवस घ्या, अंधार पडायच्या आत पंपावर नाहीतर ढाब्यावर गाडी लावा. तरी उशीर झालाच तर मागच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि चालू टेललाइट पाहिजेच, आणि टेप एवढा मोठा लावू नका की मागनं हाक मारलेली कळत नाही.

पंक्चर झालं की आपण चाकामागं दगड लावतो आणि काम झाल्यावर तसेच टाकून निघतो. मागनं येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला अंधारात तो दगड दिसत नाही. उचलून बाजूला टाका, किंवा चाकाला लावायच्या लाकडाच्या उटी (पाचरी) करून सोबतच ठेवा.

भाऊ 19 वर्षांचा आहे, त्याला चालवायला देऊ का? (शिरूर)

नाही. लायसन 18 ला निघतं, पण भाड्याच्या मालवाहतुकीची गाडी चालवायला कायद्यानं 20 पूर्ण लागतात. ट्रॉलीचा पण वेगळा पासिंग नंबर आणि वेगळा विमा असतो, ते कागद घेतलेत का बघा.

तिकडं रेशन मिळतं का? (गेवराई)

मिळतं ताई. कार्ड आधारला जोडलेलं असंल तर कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं, कर्नाटकात पण. गावाकडं म्हातारी माणसं राहणार असतील तर त्यांच्या वाटचं इथं आणि तुमच्या वाटचं तिकडं असं पण घेता येतं. निघायच्या आधी गावच्या दुकानात एकदा अंगठा लावून बघा, ऊस तोडून तोडून पुढं रेषा झिजतात आणि मशीन घेत नाही, म्हणून घरातल्या दोघा-तिघांचं आधार जोडून ठेवा.