नियमात बसतंय, पण बरोबर आहे का?

प्रश्न : माझा मुलगा सांगलीत अंडर फोर्टीन खेळतो. परवा मॅचमध्ये बॉल टाकायच्या आधीच पुढं पळालेल्या नॉन-स्ट्रायकरला (बॉलरच्या टोकाला उभ्या बॅट्समनला) त्यानं रनआऊट केलं, अंपायरनं आऊट दिलं, पण समोरच्या टीमचे पालक चीटर म्हणाले आणि पोरगं घरी येऊन रडलं. त्याचं चुकलं का हो?
– एक आई, मिरज

उत्तर : ताई, अजिबात नाही. १९४७ ला सिडनीत आपल्या विनू मंकडनं ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला असंच आऊट केलं, आधीच्या मॅचमध्ये वॉर्निंग देऊन, तेव्हा खुद्द ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन ब्रॅडमननं मंकडची बाजू घेतली, तरी मंकडचं नाव उगाच बदनाम झालं याचं मला आजही वाईट वाटतं. २०२२ मध्ये तर हा नियम ‘अनफेअर प्ले’ म्हणजे गैरखेळाच्या कलमातून काढून सरळ रनआऊटच्या कलमात टाकला. त्याच वर्षी लॉर्ड्सवर भारताच्या दीप्ती शर्मानं इंग्लंडच्या चार्ली डीनला तसं आऊट केलं, आपल्या सांगलीची स्मृती मानधना दीप्तीच्या टीममध्ये होती.

पण नियमात बसतं ते सगळं योग्यच असंही नाही हं. १९८१ ला मेलबर्नला शेवटच्या बॉलवर न्यूझीलंडला टायसाठी सिक्स हवा होता, तर ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन ग्रेग चॅपलनं बॉलिंग करणाऱ्या आपल्या भावाला बॉल जमिनीवरनं घरंगळत टाकायला लावला. नियमानं चालत होतं, पण बॅट्समनला खेळायची संधीच ठेवली नाही, म्हणून नंतर नियमच बदलावा लागला. तुमच्या पोरानं कुणाची संधी हिरावली नाही, उलट समोरचाच फुकटचं अंतर घेत होता. वॉर्निंग द्यायची की नाही ते त्याचं त्याला ठरवू दे, सक्ती नाही. आणि पोरांना चीटर म्हणणाऱ्या पालकांशी कोचनी बोलायलाच हवं.