जंगलात राहायला आले, पण चित्रच सुचत नाही

‘शहरातला गोंगाट सोडला, झाडांच्या सोबतीला आले, दिवसभर मोकळी आहे, तरी कागद कोराच. माझ्यातलं संपलं का?’ ही तक्रार एका चित्रकार बाईंची, पण अशी माणसं समुपदेशनाला वरचेवर येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पहिल्या भेटीत चित्रांचा विषय काढला नाही. झोप, भूक, आवडत्या गोष्टींतला रस यांचीच चौकशी केली. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं. प्रेरणेचं नंतर बघू. बाईंचं तसं नव्हतं.

मग आठवडाभर तासातासाची नोंद ठेवायला सांगितली. शेजारी शहरातला जुना दिवस, आठवेल तसा. शहरात त्या कामावर जाताना तळहाताएवढ्या वहीत अर्धा तास रेखाटायच्या. काम द्यायची तारीख ठरलेली, आणि एक मैत्रीण परखडपणे चुका दाखवणारी. इथे सकाळ पाणी, सरपण, गळकं छप्पर यांत जायची आणि दुपारी पेंगुळलेल्या डोळ्यांनी भल्यामोठ्या कॅनव्हाससमोर काही सुचायची वाट बघणं. गोंगाटाबरोबर मर्यादाही सुटल्या होत्या. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं.

उपाय मुद्दाम लहान ठेवला. घरकामाला हात लावण्याआधी 40 मिनिटं, पोस्टकार्डाएवढा कागद, एकच पेन्सिल आणि समोर जमिनीचा एक मीटर लांब-रुंद तुकडा. दोन आठवडे तोच. चार-पाच दिवसांत कंटाळा येतो, जागा बदलावीशी वाटते, बदलू नये. सुरुवातीला आपण डोक्यात साठवलेलं ‘पान’ आणि ‘फांदी’च काढत असतो. तो साठा संपला की कुरतडलेली कड, मुंग्यांनी बदललेली वाट दिसू लागते. फोटो काढून घरी चित्र करणं इथे बऱ्याचदा फसतं, कारण काय वगळायचं हे तिथे बसून ठरवण्याची वेळच येत नाही.

चालण्याबद्दल एक नेमकी गोष्ट माहीत असावी. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, चालताना लोकांना बसल्यापेक्षा जास्त वेगळ्या कल्पना सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालतानाही. (जंगलाला सगळं श्रेय नाही म्हटल्यावर बाई जरा हिरमुसल्या.) एकच अचूक उत्तर असलेल्या कोड्यांत मात्र चालण्याचा फायदा दिसला नाही. म्हणून 20 मिनिटं कानात काही न घालता चालायचं, आल्याआल्या पाच ओळी लिहायच्या. त्यांतली कुठली घ्यायची ते बसून ठरवायचं.

खरी गाठ सुटली ती जुन्या वह्या चाळताना. पानोपानी माणसं: रांगा, गर्दी, भांडणं. जंगलात राहतो तर झाडंच काढायला हवीत, हा नियम त्यांनी आपणच स्वतःवर लादला होता. हात माणसं काढायला शिवशिवत होता. आता त्या जुन्या रेखाटनांतली गर्दी त्या निवांतपणे मोठ्या कागदावर उतरवतात आणि महिन्यातून दोन दिवस शहरात जाऊन नवी वही भरतात.

‘कायमची परत जाऊ का?’ हा प्रश्न सहा आठवड्यांच्या नोंदी हाती आल्याशिवाय घ्यायचा नाही, असं ठरलं होतं. नोंदींत दिसलं की एकटेपणा टोचतो तो संध्याकाळी सहानंतर. तेव्हा परखड मैत्रिणीला अर्धवट काम दाखवण्याचा आठवड्याचा फोन त्याच वेळेला ठेवला, आणि जाण्याचा निर्णय पुढच्या सहा आठवड्यांवर ढकलला.