उपदेश घेतल्यापासून आपल्याच गावात परकं वाटतंय, काय करावं?

भाऊ, दंडवत प्रणाम.

इतर वाचणाऱ्यांसाठी आधी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगते. तुमचं गाव खान्देशातल्या पारोळ्याकडचं, तुम्ही घरात थोरले. तुम्ही आणि वहिनींनी महानुभाव पंथाचा उपदेश, म्हणजे दीक्षा घेतलीय; आपल्या पंथात एका परमेश्वरावाचून दुसऱ्या कुणाची पूजा नाही. आता श्रावणात कानबाई, खान्देशात घरोघरी पुजली जाणारी देवी, बसणार. पूजेला थोरल्या जोडीनं बसायचं, रोट म्हणजे तिच्या प्रसादाच्या गव्हाच्या पोळ्या सगळ्या भाऊबंदांनी खायचे. नाही म्हणालात तर काका म्हणतात, मग आमच्या दारात पाय ठेवू नको, भाऊबंदकीतून वाळीत टाकू. आई रडते. मरीमाय या गावदेवीच्या बोकडाच्या वर्गणीवरून मित्र टोमणे मारतात. कानबाईच्या रविवारी कामाचं निमित्त काढून नाशिकला जावं असं तुमच्या मनात येतं. आणि शेवटी विचारलंत, माझं चुकतंय का, की गाव सोडून सुरतेलाच निघून जाऊ?

सुरतेला जाऊ नका. निदान या कारणासाठी तरी नको. आणि नाशिकला तर मुळीच नको, त्याबद्दल पुढे लिहिते.

मी भडगाव तालुक्यातल्या पंथीय घरात जन्मले. पंथाचं तीर्थ कनाशी जवळ, त्यामुळे पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामींच्या स्थानाला दंडवत घालणं, पहाटे स्मरण, घरी आलेल्या तपस्विनी आईंची, म्हणजे संन्यासिनींची सेवा, हे सगळं मला श्वासासारखं होतं. लग्न होऊन अमळनेर तालुक्यात आले तेव्हा कळलं, की आपण किती थोडे आहोत. सासरच्या गावात पंथाची घरं बोटांवर मोजण्याइतकी. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत. तुम्ही लिहिलंय ते मी जगले आहे. तरी तुमचं माझ्यापेक्षा अवघड आहे, हे मला मान्य. माझ्याबद्दल गाव म्हणतं, 'त्यासना घरमा तसंच शे,' आणि सोडून देतं. तुम्ही मात्र काल-परवापर्यंत त्यांच्याच पंगतीत होतात. तुमच्या उठून जाण्यात त्यांना स्वतःचा नकार दिसतो.

बाहेरच्याला हे एकटेपण समजावून सांगणं कठीण आहे. आपली भाषा तीच, आडनाव तेच, कळण्याची भाकरी तीच, शाळेच्या दाखल्यावर धर्मही तोच. मुंबईच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल, तुम्ही कृष्णालाच मानता ना, मग अडचण कुठे आहे? अडचण हात जोडायच्या वेळी आणि ताटावर बसायच्या वेळी येते, आणि खान्देशात या दोन वेळा वर्षभर येत राहतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात, आपण भरत नाही. चैत्रात अख्खी गल्ली सप्तशृंगीला पायी निघते, आपण जात नाही. नवसाचा बोकड कापतात, आपण त्या जेवणाला बसत नाही. दर वेळी कुणीतरी विचारतंच, 'तुमना देव न्यारा शे का व माय?'

शाळेत दसऱ्याला पाटीपूजन असायचं. माझ्या पहिल्या शाळेत मला सरस्वतीची पूजा करायला सांगितलं. मी म्हणाले, पाट्या मी धुऊन देते, मुलांना ओळीत बसवते, रांगोळी काढते, पूजा दुसऱ्या कुणाला सांगा, आमच्या घरी एका परमेश्वराचंच पूजन असतं. तिथे कुणी वाद घातला नाही. पण पुढे बरेच दिवस बोललं गेलं, की या बाई देव मानत नाहीत. रोज पहाटे उठून नामस्मरण करणाऱ्या माणसाला कुणी नास्तिक म्हटलं की काय वाटतं, ते तुम्हाला सांगायला नको.

तेव्हापासून मी एक पाळते. माझं काय आहे ते मी आधी आणि स्वतःच्या तोंडानं सांगते. तुमच्या घरात ते अजून झालेलं दिसत नाही. आईला वाटतंय, मुलगा कानबाईला खोटी म्हणतोय. आपण तसं म्हणतच नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार वेगळे आणि चारही अनादी, असं आपलं तत्त्वज्ञान. म्हणजे देवता आहेत. त्यांचं फळ त्यांच्यापुरतं आहे, मोक्ष मात्र परमेश्वराकडूनच, म्हणून आपण एकालाच धरतो. हे आईजवळ बसून साध्या बोलीत सांगा. 'माय, तुझ्या देवीला मी नावं ठेवत नाही, मी एकाचंच नाव घ्यायचं ठरवलंय,' एवढं वाक्य तिच्या कानावर पडू द्या. तिचं रडणं एका दिवसात थांबणार नाही, पण ती ज्या गोष्टीसाठी रडतेय ती निदान खरी असेल.

आणि म्हणूनच मला आपल्यातल्या काही नव्या उपदेशींचं वागणं अजिबात पटत नाही. प्रवचन ऐकून येतात आणि पारावर बसून 'दगडाचे देव, दगडाचे देव' करत राहतात. ज्या घरानं वाढवलं त्याच्या देव्हाऱ्याला हसून कुणाचीही भक्ती वाढत नाही. तुम्ही असं काही बोलला नसाल अशी आशा करते. आईचा देव्हारा जागचा हलवू नका. तिची वात तिलाच लावू द्या. मुलांना शेजारच्या प्रसादाकडे बघून तोंड वाकडं करायला शिकवू नका.

गावात कुणी 'हा कुठला नवा धर्म' म्हणत असेल तर शांतपणे सांगा, की चक्रधर स्वामी तेराव्या शतकातले, यादवांच्या राज्यातले. मूळचे गुजरातेतल्या भडोचचे, पण निरूपण केलं मराठीत. त्यांच्या भोवती बायका होत्या, सगळ्या जातींची माणसं होती, बाईच्या पाळीचा विटाळ त्यांनी मानला नाही. पुढे पंथाच्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या गेल्या आणि कित्येक शतकं बाहेरच्यांना आपलं काही वाचताच आलं नाही. पोथ्या त्यामुळे जपल्या गेल्या, हे खरं. पण जे वाचता येत नाही त्याबद्दल लोक मनाला येईल ते जोडतात, आणि आपल्याबद्दल फार वाईट जोडलं गेलं. ढोंगी माणसाला 'मानभावी' म्हणायची रीत मराठीत आजही आहे, ती आपल्याच नावावरून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी यांतली सकळ लिपी उलगडली. तेच राजवाडे, जे १९२६ साली आपल्या धुळ्यात वारले आणि ज्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आजही आहे. पोथ्या उघडल्या तेव्हा मराठीतलं अगदी जुनं गद्य त्यांत निघालं. आज मराठी भाषा विद्यापीठ अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, आपल्या पंथाच्या तीर्थाच्या गावी आहे, ते उगाच नाही.

कळत नाही त्याला लोक मनाचं जोडतात; नाशिकला जाऊ नका म्हणते ते याचसाठी. तुम्ही निमित्त काढून गेलात तर मागे काका, आत्या, सुरतेहून आलेली चुलत भावंडं, सगळे मिळून तुमच्या गैरहजेरीचा अर्थ लावतील, आणि तो तुम्ही सांगितला असता त्याच्यापेक्षा वाईटच असेल.

आता रोट. तुमच्या काकांचा राग मला समजतो. कानबाई नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी बसते, सोमवारी विसर्जन. नोकरी-धंद्याला कुठेही गेलेला माणूस त्या दोन दिवसांसाठी घरी येतो. बहुतेक घरांत रोटाचे गहू पुरुषांच्या नावानं मोजतात, लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत एकेकाचं नाव घेऊन. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. म्हणजे घराण्याची हजेरीच ती. तुमच्या नावाचे गहू मोजायचे की नाही हा प्रश्न काकांपुढे उभा राहतो, तेव्हा त्यांना बहुधा देवीपेक्षा भावाचा मुलगा हातून जातोय हे जास्त लागतं. तुम्ही त्यांना सिद्धांत सांगत बसलात तर ते त्यांच्या कानात शिरणार नाही. तुम्ही घराण्यात आहात, हे त्यांना दिसायला हवं.

तेव्हा पूजेला धाकट्या भावाला आणि भावजयीला बसवा, आणि ते तुम्ही स्वतः सुचवा. धाकट्याचा तो मान आहे असं सगळ्यांसमोर बोला. मग बाकी घर तुम्ही उचला. भिंतींना चुना, पाहुण्यांना स्टँडवरून आणणं, गंगाफळं (लाल भोपळे) आणि किराणा, रात्री झोपायची सोय, म्हाताऱ्यांचं औषधपाणी. पंगतीत वाढायला उभे राहा. तुमचं आणि वहिनींचं जेवण वेगळ्या चुलीवर आधीच करून ठेवा, म्हणजे ऐनवेळी कुणाचं ताट परत करायची वेळ येणार नाही. हात जोडायचे नाहीत, रोट खायचे नाहीत, एवढंच तुमचं राखायचं. कुणी आग्रह केला तर म्हणा, आमच्यात चालत नाही, राग मानू नका. आपल्याकडे प्रत्येक गावात माळकरी असतो. तो मटणाच्या ताटावरून उठतो तेव्हा कुणी त्याला परका म्हणत नाही, उलट त्याच्यासाठी वरण वेगळं काढून ठेवतात. तुमचंही तसंच ठरून जाईल, पण त्यासाठी गावानं तुम्हाला काही वर्षं एकसारखं वागताना पाहायला हवं. यंदा नाही, पुढल्या वर्षी थोडंसं, असं केलंत तर कुणाचाच विश्वास राहणार नाही.

एवढं करणंही उपदेशी माणसाला शोभतं का, असं तुम्ही विचाराल. मी संसारी बाई आहे, माझं उत्तर संसारी माणसाचं. तुमच्या गुरुबाबांना विचारा आणि ते याहून कडक सांगत असतील तर त्यांचं ऐका.

वर्गणीचं थोडक्यात. बोकडाला देऊ नका, आणि कारण तोंडावर सांगा, आमच्यात हिंसा चालत नाही. पण नकार देऊन पैसे वाचवले असं कुणाला वाटू देऊ नका. तेवढेच, जमलं तर जास्त, शाळेच्या पाण्याच्या टाकीला किंवा स्मशानातल्या शेडला द्या, आणि सगळ्यांदेखत द्या.

मयतीला मात्र सगळ्यांत आधी पोचा. दुःखाच्या घरी पिठलं-भाकरी न्या, तिरडी धरा, रात्री सोबतीला बसा. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मला याची किंमत कळली. आमच्या घरात पुरतात, गावात जाळतात. पाऊस लागलेला, जमीन चिखलाची, घरचे पुरुष थोडे. खड्डा खणायला गल्लीतली पोरं आपणहून कुदळी घेऊन आली. त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी कानबाई बसते. आमची पद्धत वेगळी का, असं त्या दिवशी एकानंही विचारलं नाही. सासूबाईंनी त्यांच्या आयांची बाळंतपणं केली होती. शेजारची म्हातारी ओट्यावर बसून एकच म्हणत होती, 'माय आमनी व्हती.' सासूबाईंनी जन्मात कधी कुणाच्या देवीचा प्रसाद खाल्ला नव्हता आणि हे त्या म्हातारीला पक्कं ठाऊक होतं.

वाळीत टाकण्याच्या धमकीबद्दल एक माहिती असू द्या. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे. जातपंचायत असो की भाऊबंदकी, कुणाला असं वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. काकांसमोर हे काढू नका. रागात बोललेल्या काकाला पोलिसाचं नाव सांगितलं की तो खरोखरच दार लावतो. पण उद्या कुणी खरंच पाणी, पिठाची गिरणी, लग्नकार्य बंद करायला निघालं, तर तुम्ही निराधार नाही.

सगळं सुटेल असं मात्र मी म्हणणार नाही. नवरात्रात पहाटे गल्लीतल्या बायका हसत-बोलत देवीला निघतात, त्यांच्या बांगड्या वाजत जातात, आणि मी घरात स्मरणाला बसलेली असते. इतक्या वर्षांनंतरही मन क्षणभर त्यांच्यामागे जातं. मग नामावर येतं. हे तुमच्याही वाट्याला येईल आणि त्यात तुमची श्रद्धा कच्ची आहे असं काही नाही. माणसांची ओढ असणारच, ती मारून टाकू नका.

अजून एक गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. कानबाईनंतर पंधरा-वीस दिवसांत गोकुळाष्टमी येते. ती आपली आणि त्यांचीही. त्या दिवशी तुमच्या घरी उपहार, म्हणजे परमेश्वराचा नैवेद्य ठेवा, आणि सगळ्या भाऊबंदांना जेवायला बोलवा. पहिलं निमंत्रण काकांना द्या, आणि ते आत्ताच द्या, पूजेला धाकटा बसेल हे सांगायला जाल त्याच बैठकीत, वहिनींना सोबत घेऊन. हे बोलणं गहू मोजायच्या आधी व्हायला हवं. एकदा मोजणीला बसले आणि तुमच्या नावाशी येऊन अडले, की मग चार लोकांत काकांना माघार घेता येणार नाही.