सोसायटीच्या मीटिंगमध्ये विरोध असताना मुद्दा कसा मांडावा?

तुम्ही विचारलंय की एजीएममध्ये (वार्षिक सर्वसाधारण सभेत) गच्चीवर सोलर बसवायचा विषय मांडायचाय, बरेच मेंबर विरोधात आहेत, तर बोलण्याची रचना कशी ठेवावी. माझ्या मते आधी समोर कोण बसलंय ते बघायचं.

लोक अर्धेअधिक राजी असतील तर पहिल्याच वाक्यात मुद्दा, मग कारणं, विषय संपला. वादविवाद स्पर्धेतला साचा. पण विरोध असेल तर तो चालत नाही, सोलर म्हणताक्षणी मागचे काका "पैसे कोण देणार?" म्हणून उभे राहतात आणि पुढचं सगळं वाऱ्यावर.

तिथे आपली शास्त्रातली पद्धत भारी, आधी पूर्वपक्ष. शंकराचार्यांची भाष्यं बघा, विरोधकाचं म्हणणं आधी नीट मांडलेलं असतं, मग खंडन. तुम्हीच म्हणा की खर्च मोठा आहे, गच्ची गळायची भीती आहे, पावसाळ्यात वीज कमी होणार. काकांचे मुद्दे तुम्हीच बोललात की ते जरा ऐकायच्या मूडमध्ये येतात. मग एकेक घ्या. पावसाळ्याचं तर सरळ मान्य करा आणि सांगा की नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करायच्या सोयीत, एप्रिल-मेची जास्तीची युनिट पुढच्या बिलांत वळती होतात. खर्चाला पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॉटला 18,000 रुपये सबसिडी आहे.

दुसरं म्हणजे न्यायदर्शनातला, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातला, पाच पायऱ्यांचा साचा: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय, धूर तिथे आग जशी चुलीपाशी, तसाच धूर इथेही आहे, म्हणून आग आहे. लोक गाळतात ती चौथी पायरी, उपनय, म्हणजे इथेही तसंच आहे हे दाखवणं. शेजारच्या सोसायटीचं बिल उतरलं एवढंच सांगतात, मग कुणीतरी "त्यांचं वेगळं हो" म्हणतंच. म्हणून दोन्हीकडची कॉमन मीटरची बिलं शेजारी ठेवून दाखवा, लिफ्ट तशीच, पंप तसाच, जिन्यातले दिवे तसेच.

भाषणकला शिकवणाऱ्या अमेरिकन अ‍ॅलन मन्रोचाही पाच टप्प्यांचा साचा आहे, मला तो थोडा सेल्समनछाप वाटतो पण त्याचा शेवट कामाचा, नेमकं काय करायचं ते मागायचं. मंजुरी नका मागू, तीन कोटेशन मागवायचा ठराव मागा, त्याला हात वर करायला कुणाला जड जात नाही. आणि हो, विषय सेक्रेटरीला आधीच लेखी द्या, ऐनवेळच्या विषयांत ढकलला गेला तर तोवर अर्धी मंडळी वडा-चहाकडे पांगलेली असतात.