ग्रुपवरची प्रार्थना : सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसं एकाच गल्लीत राहतात. आता त्यांतली ख्रिस्ती घरं एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रार्थनाही करतात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये चर्चची दारं बंद झाली तेव्हा असे पुष्कळ ग्रुप सुरू झाले. पुढं दारं उघडली, पण ग्रुप राहिले. या वेळी आलेले प्रश्न त्याच ग्रुपांबद्दलचे आहेत. लिहिणाऱ्यांची नावं मी मुद्दाम दिलेली नाहीत.

बाई, नवऱ्याच्या दारूसाठी प्रार्थना करा असं मी आमच्या भगिनींच्या ग्रुपवर लिहिलं. दोन दिवसांत ते दुसऱ्या ग्रुपवर गेलं. विड्या द्यायला कारखान्यात गेले तर तिथंही बायका विचारायला लागल्या. नवऱ्यानं घरात बोलणं टाकलंय. आता मी प्रार्थना मागायचीच नाही का?
— विडी कामगार भगिनी, कुंभारी

ताई, मागायची. तुमचं काही चुकलेलं नाही. तुमच्या घरातलं दुःख ज्या कोणी पुढं पाठवलं, तिचं चुकलं.

याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. कोणी आजारी असेल तर त्यानं मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, असं तिथं सांगितलंय. बोलावणं आजारी माणसाकडून जातं. कोणी यायचं, कोणाला कळू द्यायचं, हे तोच ठरवतो. पापं एकमेकांजवळ कबूल करा हे वाक्य त्यानंतर येतं, म्हणजे ज्यांना आपण घरात घेतलं त्यांच्याजवळ. ग्रुपवर हे उलटं होतं. आपण चौघींना सांगतो आणि चारशे जणींना कळतं.

नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायात म्हटलंय की चहाडखोर गुपित फोडतो आणि विश्वासू माणूस ते झाकून ठेवतो. "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं," असं म्हणून सांगितलेली चहाडी ही चहाडीच असते. मला या गोष्टीचा फार राग येतो, कारण त्यामुळं ज्यांना प्रार्थनेची सगळ्यांत जास्त गरज आहे त्याच बाया गप्प बसतात.

आता करायचं काय? ग्रुपच्या ॲडमिनला सांगा. ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांच्या फोनवरून काढून टाकता येतो. बाहेर गेलेलं परत येणार नाही, पण जिथं अजून पडून आहे तिथून तरी जाईल. नवऱ्याशी एकदाच, तो शुद्धीत असताना बोला : "तुमची बदनामी करायची नव्हती, मला एकटीला पेलवत नव्हतं." एवढं पुरे. त्यानं हो म्हटल्याशिवाय पाळकांना घरी आणू नका. मात्र तो हात उचलत असेल तर हे झाकून ठेवणं तुम्हाला लागू नाही. तेव्हा 112 ला फोन करायचा, आणि तेही विश्वासात बसतं.

दारूबद्दल आणखी एक सांगते, कारण प्रार्थनासभांत हे कोणी सांगत नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकाएकी बंद केली तर हातपाय थरथरतात, भास होतात, फिटही येऊ शकते. त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून सभेत सगळ्यांसमोर शपथ घ्यायला लावू नका. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवा आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभांत नाव उघड होत नाही, तिथंही त्याला जाता येईल.

तुमच्यासाठी दोन बाया निवडा. दोनच. त्यांना नावानिशी सांगा. बाकीच्या ग्रुपवर "एका भगिनीच्या घरासाठी प्रार्थना करा" एवढं लिहा. देव त्या भगिनीला ओळखतो.

मी मूळचा सोलापूरचा, नोकरीला हिंजवडीत. दर रविवारी आमच्या सोलापूरच्या चर्चची उपासना मोबाईलवर बघतो. आई म्हणते, हे खरं चर्चला जाणं नव्हे. संदेश तर तोच ऐकतो ना?
— एक तरुण, पुणे

संदेश तोच ऐकता, हे खरं. लांबून शिकवणं काही आजचं नाही. प्रेषित पौलाची निम्मी सेवा पत्रांतूनच झाली. कलस्सैच्या मंडळीला तो सांगतो की हे पत्र तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयात वाचायला द्या, आणि तिकडचं पत्र तुम्ही वाचा. तेव्हा स्क्रीनवर आलेलं वचन कमी दर्जाचं, असं मी म्हणणार नाही.

पण योहानाचं दुसरं पत्र बघा. ते एका पानाचं आहे. शेवटी तो लिहितो की सांगायचं पुष्कळ आहे, पण ते कागद आणि शाईनं नको. मी येईन, तोंडोतोंड बोलू, म्हणजे आनंद पूर्ण होईल. तिसऱ्या पत्रातही तो हेच म्हणतो. पत्र लिहिता येत असूनही त्याला भेटच हवी होती.

आणि उपासना म्हणजे नुसता संदेश नाही. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, जमता तेव्हा एकमेकांसाठी थांबा, असं पौल करिंथकरांना सांगतो. तिथं श्रीमंत आधी खाऊन घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते. शेजारी कोण उपाशी आहे, कोणाचा चेहरा उतरलाय, हे मोबाईलवर दिसत नाही. तुमचाही चेहरा कोणाला दिसत नाही. आपली मराठी भजनं तर जमून म्हणायची आहेत. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढं कीर्तन-भजनाच्या वाटेनं सुवार्ता सांगितली, ती टाळ-पेटीवर, माणसं बसवून. एकट्यानं कानात इअरफोन घालून ती ऐकता येतात, पण म्हणायला चार गळे लागतात.

म्हणून माझा सल्ला : रविवारी पुण्यातल्या एखाद्या मराठी मंडळीत जा. पहिले काही रविवार परकं वाटेल, तरी जा. सोलापूरची उपासना आठवड्यात केव्हाही ऐका. अंथरुणाला खिळलेली आजी, रात्रपाळीची नर्स, यांना हा नियम लावू नका. त्यांच्यासाठी मोबाईल ही देवाची देणगी आहे, आणि त्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन जाणं हे मंडळीचं काम आहे.

आमच्या ग्रुपवर रोज सकाळी यिर्मया 29:11 चा फोटो येतो : देवाचे संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत. त्या वचनावर भरवसा ठेवून मी पोलीस भरती दिली. लागोपाठ दुसऱ्यांदा राहिलो. वचन खोटं की मी?
— उमेदवार, मोहोळ

दोन्ही नाही, बाळा. फोटोत एकच ओळ मावली आणि अध्याय बाहेर राहिला, एवढंच झालंय.

ते वचन एका पत्रातलं आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं यरुशलेमेतल्या लोकांना धरून बाबेलला नेलं होतं. त्या हद्दपार लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं यरुशलेमेहून हे पत्र धाडलं. त्याच्या आदल्या, म्हणजे अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. दोन वर्षांत सगळं परत मिळेल, असं तो मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मया म्हणाला, तसं होवो, आमेन. आणि मग देवाचं म्हणणं सांगितलं की हे खोटं आहे. त्याच्या पत्रात दोन नाही, सत्तर वर्षं लिहिली आहेत, आणि ती दहाव्या वचनात आहेत, तुझ्या फोटोतल्या ओळीच्या अगदी वर. ते पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परत जाण्याआधीच मरणार होते. त्यांच्या नातवंडांपर्यंत पोहोचेल अशी ती आशा होती.

मग मधली सत्तर वर्षं काय करायचं? तेही पत्रात आहे. घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, लेकरं होऊ द्या. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं कल्याण चिंता आणि त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणात तुमचं कल्याण आहे. शत्रूच्या शहरासाठी प्रार्थना करायला सांगणारं हे पत्र आहे! सोलापूरकराला हे समजायला जड जाऊ नये. तेलंगणातून आलेल्या विणकरांनी इथंच माग लावले, इथंच संसार केला, आणि सोलापूरची चादर सगळीकडं ओळखीची झाली.

तेव्हा त्या वचनात तुझ्या भरतीचा निकाल नव्हता. त्यात एका मोडलेल्या समाजाला देवानं दिलेला शब्द आहे की मी तुम्हाला सोडलेलं नाही. तो शब्द तुलाही आहे, पास झालास तरी आणि राहिलास तरी. पुन्हा भरती द्यायची की दुसरं काम बघायचं, हे वय, धावण्याची वेळ आणि घरची परिस्थिती बघून ठरव. त्यासाठी वचन शोधत बसू नकोस. आणि ग्रुपवर उद्या फोटो आला की खाली लिही : "आज सगळ्यांनी 28 आणि 29 दोन्ही अध्याय वाचू या का?" बायबलचं शिक्षण असंच सुरू होतं. रोज एक ओळ पाठवण्यापेक्षा आठवड्याला एक अध्याय मोठ्यानं वाचून व्हॉइस मेसेजनं पाठवावा. चष्मा नसलेल्या आजीलाही तो ऐकता येतो.

यूट्यूबवरचे एक प्रचारक लाइव्ह प्रार्थनेत क्यूआर कोड दाखवतात. पैसे पाठवले की अभिषेकाचं तेल घरी येतं. ते वापरायला लागल्यापासून मावशीनं शुगरच्या गोळ्या बंद केल्यात.
— एक भाची, जुळे सोलापूर

गोळ्या आजच सुरू करा. आधी डॉक्टरांना फोन करा, कारण मध्ये खंड पडल्यावर किती घ्यायच्या ते तेच सांगतील. बाकीचं नंतर वाचा.

शिमोन जादूगारानं पवित्र आत्म्याचं दान मिळावं म्हणून पैसे पुढं केले, तेव्हा पेत्र म्हणाला, तुझा पैसा तुझ्याबरोबर नाश पावो. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. देवाच्या कृपेला दर लावणाऱ्याला बायबलमध्ये याहून सौम्य उत्तर नाही. मावशीला यशयाचा अडतिसावा अध्याय वाचून दाखवा. हिज्कीया राजा मरायला टेकला, रडून प्रार्थना केली, देवानं ती ऐकली, पंधरा वर्षं आयुष्य वाढवलं. आणि त्याच अध्यायात यशया सांगतो की अंजिरांची ढेप करून गळवावर बांधा. प्रार्थना ऐकली गेली आणि औषधही लावलं गेलं. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, त्याला कोणी वैद्यकी सोडायला लावली नाही.

तेल आलंच नाही, किंवा खात्यातून जास्तीचे पैसे गेले, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

आईसाठी आमच्या ग्रुपनं चोवीस तासांची प्रार्थना साखळी केली. तासातासाला नावं लावली होती, दुबईतून, मुंबईतूनही लोक जागले. आई गेली. आता ग्रुपवर एकानं लिहिलंय की कोणाच्या तरी विश्वासात कमी पडलं असेल. मी ग्रुप सोडलाय. प्रार्थनाही होत नाही.
— मुलगी, सात रस्ता

लेकी, ते वाक्य लिहिणाऱ्याला हे लिहिण्याचा काही अधिकार नव्हता.

गेथशेमाने बागेत येशूनं तीनदा मागितलं की हा प्याला, म्हणजे समोरचं दुःख आणि मरण, टळो. प्याला टळला नाही. त्याच्या विश्वासात कमी होती असं कोण म्हणेल? पौलानं शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे सतत सलणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. माझी कृपा तुला पुरे, एवढंच उत्तर आलं. ज्या विश्वासात या दोघांना नकार मिळाला, त्यात तुझ्या आईसाठी जागलेली माणसं कमी पडली असं मोजायला कोणाकडं माप आहे?

लेकरं, मालमत्ता, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तोपर्यंत ते चांगले मित्र होते. तोंड उघडलं आणि कारणं सांगायला लागले तसे बिघडले, आणि शेवटी देवानं त्यांना सुनावलं. फोनवर गप्प बसता येत नाही हीच अडचण आहे. काही लिहिलं नाही तर आपण हजर आहोत हे कळत नाही, म्हणून लोक काहीतरी लिहितात. तुमच्या ग्रुपमधल्या सोलापुरातल्या मंडळींना माझं सांगणं आहे : लिहू नका, जा. डबा घेऊन जा, भांडी घासा, आईच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी महापालिकेत तिच्याबरोबर उभे राहा.

तू ग्रुप सोडलास हे बरं केलंस. परत जायची घाई नाही. प्रार्थना होत नसेल तर स्तोत्र 88 वाच. ते अंधारातच संपतं. त्यात देवाचे आभार नाहीत, आशेची ओळ नाही, तरी ते शास्त्रात आहे, म्हणजे अशी प्रार्थनाही देवाजवळ चालते. तेही वाचवत नसेल तर दुसऱ्या कोणाला तरी तुझ्याजवळ बसून मोठ्यानं वाचू दे. आणि दुबईतून जागलेल्या त्या माणसाला कधीतरी, जमेल तेव्हा, कळव की त्याच्या त्या तासात आई एकटी नव्हती.

आमच्या रात्रीच्या शास्त्राभ्यासात कोणी पंडिता रमाबाईंचं भाषांतर वाचतं, कोणी बायबल सोसायटीचं, दोघी तेलुगूतून. आता एक कॅथलिक मैत्रीण आलीय, तिच्या बायबलमध्ये आणखी पुस्तकं आहेत. वाद फार होतात.
— गृहिणी, अशोक चौक

प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं, कॅथलिक बायबलमध्ये 73. तोबीत, यहूदीथ, मक्काबी वगैरे सात जुन्या करारातली जास्तीची. नव्या करारात दोघींची 27 सारखीच. एवढं तिला आणि बाकीच्यांना सांगितलं की निम्मा वाद मिटेल.

भाषांतरं वेगळी असली तर ती सगळी वाचा. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करण्यात घातली. त्या 1922 साली गेल्या आणि पूर्ण बायबल 1924 साली छापून आलं. साध्या बायांना कळावं ही त्यांची तळमळ होती. तीच कसोटी तुम्ही लावा : वाचून झाल्यावर सगळ्यांत कमी शिकलेल्या भगिनीला विचारा, काय कळलं. तेलुगूवाल्या दोघींनी आपल्या भाषेत वाचावं आणि मग मराठीत सांगावं. नऊच्या पुढं ताणू नका, सकाळी पाणी भरायला उठायचं असतं. सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करा, सोळाच अध्याय आहेत आणि सगळ्यांच्याच बायबलमध्ये ते आहे.