मुलगा तंबूत राहतो म्हणे!

फेब्रुवारी 2024. मी पुण्यात समुपदेशन करते. समोर बसलेल्या आईने मोबाइल माझ्या हातात दिला. फोटोत चिखल, ताडपत्री आणि तंबूतून डोकं बाहेर काढून हसणारा एकोणीस वर्षांचा मुलगा.

"घर गहाण टाकून पाठवलाय मॅडम, आणि हा भर थंडीत बाहेर झोपतोय. तेही बास्केटबॉलसाठी! स्वतः खेळतही नाही."

वडील गप्प होते. मग म्हणाले, "इथे असताना हा आयपीएलसुद्धा धड बघायचा नाही."

(मुलाच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगा अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला, ड्यूक विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला. तिथला प्रकार आईवडिलांना कुणी नीट सांगितलाच नव्हता. ड्यूकचं बास्केटबॉलचं सभागृह म्हणजे कॅमरून इनडोअर स्टेडियम. 1940 साली उघडलेलं, जेमतेम 9,314 माणसांचं. कट्टर प्रतिस्पर्धी चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, आणि तेही पंधरा-सोळा किलोमीटरवर. त्यांच्याशी घरच्या मैदानावर सामना असला की आत जागा मिळावी म्हणून विद्यार्थी सभागृहाबाहेरच्या हिरवळीवर कित्येक आठवडे आधी तंबू ठोकून रांग धरतात. 1986 पासूनची ही रीत. संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की (इंग्रजीत आडनाव K ने सुरू होतं) यांच्या नावावरून त्या वस्तीला 'के-व्हिल' म्हणतात. एका तंबूत जास्तीत जास्त बारा जण. दिवसा कुणीतरी एक आत हवाच, रात्री जास्त जण. देखरेख करणारे विद्यार्थी केव्हाही येऊन मोजणी करतात, अगदी मध्यरात्रीसुद्धा. चुकलात तर नंबर गेला. तंबू मिळवायला संघाच्या माहितीवर परीक्षाही द्यावी लागते! पदवीच्या विद्यार्थ्यांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, त्यामुळे किंमत वेळेत मोजायची.

"म्हणजे हे कॉलेजला माहीत आहे?" आईचा पहिला प्रश्न. निम्मी काळजी तिथेच उतरली. बर्फ पडला किंवा थंडी फारच वाढली तर मुलांना खोल्यांवर जायची सूट मिळते, हे कळल्यावर आणखी थोडी.

माझ्या पिढीतल्या पुणेकरांना मी यावर एकच शब्द सांगते: पुरुषोत्तम. 1963 पासून चालत आलेली ती आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा आणि भरत नाट्य मंदिरातला तो गदारोळ. मी नाटकात कधी काम केलं नाही, प्रॉम्प्टिंगसुद्धा नाही. पण "अरे आवाज कुणाचा" ओरडून घसा बसलेला असायचा, आणि निकालाच्या दिवशी करंडक गेला की आम्ही परीक्षकांच्या नावाने खडे फोडायचो. हे सांगितल्यावर वडील पहिल्यांदा हसले.

"पण मॅडम, तुम्ही रात्री घरी यायचात ना?"

"यायचे. किती वाजता, ते विचारू नका."

आता खरं सांगायचं तर तंबू ऐकून मला भीती वाटली नव्हती, पण दुसऱ्या तीन गोष्टींची वाटली होती. झोप, पैसा आणि हरल्याचा दुसरा दिवस. त्या वर्षी 11 मार्चपासून नॉर्थ कॅरोलायनात मोबाइलवरून खेळांवर पैसे लावणं कायदेशीर होणार होतं, वयाची अट 21. अशा अटी वसतिगृहात कितपत टिकतात, हे कोणत्याही वसतिगृहात राहिलेल्याला ठाऊक आहे. शिवाय विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या मुलाने एका सत्रात किमान 12 क्रेडिट्स घ्यावी लागतात. रात्री जागून एखादा विषय मध्येच सोडून दिला, तर प्रश्न गुणांपुरता राहत नाही. मुलगा सज्ञान आहे, तो मला जे सांगेल ते माझ्याकडेच राहील, हेही मी आईवडिलांना त्याच दिवशी सांगून टाकलं. आईला ते आवडलं नाही.

मुलगा व्हिडिओवर भेटला. आवाज बसलेला, गालावर संघाच्या निळ्या रंगाचे डाग.

"मॅम, मला यातून बाहेर काढायला सांगितलंय का तुम्हाला?"

"हो. पण मी तसं कबूल केलेलं नाही. मला आधी तुझा तंबू दाखव."

पैसे तो लावत नव्हता. मित्रांमध्ये चर्चा असते म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात आडपडदा वाटला नाही. पण 3 फेब्रुवारीला चॅपल हिलला संघ हरला, त्यानंतरच्या सोमवारी तो प्रयोगशाळेत गेलाच नव्हता. "आपण एवढे वाईट खेळलो, आता कशातच राम नाही असं वाटलं."

हे काही वेड नव्हे. 1976 साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन विद्यापीठांत पाहिलं होतं की संघ जिंकला की सोमवारी जास्त मुलं कॉलेजच्या नावाचे कपडे घालून येतात, आणि बोलताना जिंकल्यावर 'आपण' येतं, हरल्यावर 'ते'. 1992 चा इंडियाना विद्यापीठातला एक अभ्यास तर मला फार उपयोगी पडतो. संघाचा पराभव पाहिल्यावर कट्टर चाहत्यांना स्वतःच्याच क्षमता कमी वाटू लागल्या होत्या, अगदी डार्ट्सच्या खेळात बाण फेकण्यापासून एखाद्या मुलीला भेटायला विचारण्यापर्यंत. हे ऐकून मुलगा बराच वेळ हसला. "शेवटचं मला जिंकल्यावरही जमत नाही," म्हणाला.

मग त्याने तंबूचं वेळापत्रक पडद्यावर उघडलं. बारा नावं, दिवसांचे चौकोन, रंग भरलेले. कौतुकाने दाखवत होता. मी त्याला प्रत्येकाचे तास मोजायला सांगितले. मोजताना तो हळूहळू गप्प होत गेला. बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट तास त्याच्या नावावर होते, त्यात रात्रीही जास्त. कुणाची परीक्षा, कुणाला सर्दी, कुणाची मैत्रीण आलेली. दर वेळी पाळी यानेच घेतली होती.

"नाही म्हणालास तर काय होईल?"

"मग मला कशाला ठेवतील?"

इथे माझ्यासाठी बास्केटबॉल संपलं. पहिल्या वर्षी याला मित्र नव्हते, हे आईवडिलांना माहीतच नव्हतं. फोनवर "मस्त चाललंय" एवढंच. कॅमरूनमध्ये शेजारी उड्या मारणाऱ्या अनोळखी मुलाने खांद्यावर हात टाकला, ती त्याची तिथली पहिली ओळख. आपल्या गावच्या संघाशी जीव जोडलेल्या माणसांना एकटेपणा कमी जाणवतो, असं खेळांच्या चाहत्यांचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वॉन सांगतात. मला ते पटतं. म्हणून "तंबू सोड" असं मी सांगितलं नाही. त्या वेळी त्याच्याकडे माणसं होती ती तिथेच. पण त्या जागेचं भाडं तो झोपेने भरत होता, आणि ते भाडं त्याच्याकडे कुणी मागितलेलंच नव्हतं.

दोन भेटी आम्ही तंबूतल्या मित्रांना पाठवायच्या एका वाक्यावर घालवल्या. पहिल्या मसुद्यात पाच वेळा माफी होती. शेवटी उरलं ते एवढंच: या आठवड्यापासून माझ्या पाळ्या इतरांइतक्याच, बुधवारची रात्र जमणार नाही. पाठवताना त्याचे हात थरथरत होते. उत्तरादाखल चार अंगठे आले, आणि एकाने लिहिलं, "अरे, आम्हाला वाटायचं तुला रात्रीच आवडतात."

यावर तो चिडला. मला बरं वाटलं. चिडायला मित्रच लागतात.

सामन्याच्या दुसऱ्या दिवसाचं पहिलं काम आधीच ठरवून ठेवायचं, हाही करार झाला. तो त्याने एकदा पाळला, एकदा नाही. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात मात्र त्याने स्वतः वेळ घेतली. तिथला माणूस तिथला हिवाळा जाणतो, मी पुण्यात बसून किती जाणणार?

आईला मी एकच काम दिलं होतं. "जेवलास का, अभ्यास झाला का" यांच्या आधी "तंबूत आज कोण होतं" हे विचारायचं. तिने बाराही नावं पाठ केली, उच्चारांसकट. वडिलांनी नियम वाचून काढले आणि 'फाउल' कशाला म्हणतात यावर मुलाशी भांडले.

10 मार्चला रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास तिचा मेसेज आला. तिकडे शनिवारची रात्र, चॅपल हिलविरुद्धचा घरचा सामना नुकताच संपलेला. दोघं पहाटे पाचपासून टीव्हीसमोर होते.

"हरलो. 84-79."

आणि पाठोपाठ दुसरा: "फोन केला होता. म्हणाला, आत्ता नको आई, आम्ही बाराही जण जेवायला निघालोय."