ब्रेक दाबला की इंडिकेटर का मिणमिणतो?

प्रश्न : हेडलाइट लावून ब्रेक दाबला की मागचा डावा टेल लॅम्प विझतो आणि त्याच बाजूचा इंडिकेटर मंद पेटतो. दोन्ही बल्ब नवे घातले, फरक नाही.

बल्बचा यात काही दोष नाही. त्या लॅम्पचा अर्थ (earth, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारा जोड) गेला आहे. टेल आणि ब्रेक एकाच बल्बमध्ये असतात, फिलामेंट दोन (५ आणि २१ वॅट) पण अर्थ एकच. बहुतेक गाड्यांत शेजारच्या इंडिकेटरचाही तोच. ती वाट बंद झाली की ब्रेकचा करंट इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि पुढच्या इंडिकेटरच्या अर्थवर उतरतो. म्हणून पुढचाही मिणमिणतो का, ते पाहा. टेलच्या फिलामेंटला मात्र दोन्ही टोकांना जवळपास सारखाच व्होल्टेज मिळतो, त्यामुळे ते विझते.

खात्री करायला मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाइट चालू, कोणीतरी ब्रेक दाबून धरलेला. लाल टोक होल्डरच्या अर्थ पिनला, काळे बॅटरीच्या निगेटिव्हला (वायर लांब लागेल). ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक. एक व्होल्ट किंवा जास्त आले तर दोष सापडला. मग अर्थचा बोल्ट उघडा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. बोल्ट चांगला निघाला तर होल्डरची पट्टी पाहा, ती जळून सैल पडलेली असते. आणि हो, दोन फिलामेंटच्या जागी एकाचा बल्ब कोंबलेला नाही ना? दोन फिलामेंटच्या बल्बच्या बुडाला असलेले बाजूचे दोन खिळे खालीवर असतात.

प्रश्न : एक हेडलाइट पिवळट आहे. कपलर (बल्बच्या मागे बसणारा वायरचा प्लग) काढून मोजले तर पूर्ण १२.४ व्होल्ट येतात.

कपलर काढून मोजलेत, तिथेच फसलात. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे वायरची एकच तार शिल्लक असली तरी आकडा पूर्ण दिसतो. ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. वाटेत अर्धा ओहम अडथळा आला की सुमारे दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात. व्होल्टेज १० टक्के घटला तर उजेड तीसेक टक्के घटतो. बल्ब जोडून, चालू ठेवून, कपलरच्या पाठीमागून मोजा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बच्या पॉझिटिव्हपर्यंत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक नको. अर्थची बाजू वेगळी तपासा. कपलर तपकिरी पडला असेल तर बदलाच. घासून उपयोग नाही, आतल्या पिनांचा ताण गेलेला असतो.

प्रश्न : डिकी उघडली की नंबरप्लेटच्या दिव्याचा १० अँपिअरचा फ्यूज उडतो. १५ चा घालू का?

मुळीच नको, फ्यूजऐवजी वायर जळेल. बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायरचे आवरण फाटलेले असणार. त्या लाइनचे सगळे बल्ब काढा, फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा, लाइट चालू करून डिकी हलवा. बल्ब भपकन पेटला की दोष त्याच जागी. जोड वाकणाऱ्या भागात देऊ नका, डाग दिलेली (सोल्डर केलेली) वायर कडक होऊन तिथेच तुटते. नळीच्या दोन्ही बाजूंना पुरेल असा नवा तुकडा टाका.